मडक्यातला काळा रंग

आमच्या जिल्ह्यात आम्ही तिघी. मी शिरपूरची, एक कारंज्याची आणि एक रिसोडची. तिघींची ओळख फोनवर झाली, आणि तिघींनाही आपापल्या घरी एकच प्रश्न विचारला जातो, "रोज रोज काळं काहून घालून राह्यली?" मी एकदा आईला समोर बसवून याचं नीट उत्तर दिलं होतं. म्हटलं, जगात गॉथ नावाची माणसं असतात. त्यांना काळे कपडे आवडतात, काळे ओठ आवडतात, पडक्या जागा, वटवाघळं, जुनी थडगी, संथ उदास गाणी आवडतात. ती दुःखी नसतात. त्यांना अंधारातलं सौंदर्य दिसतं, एवढंच. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. हात न थांबवता तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग दिवसा कायले घालतं?"

मी गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रात बसते. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले. समोरच्या खुर्चीवर शेतकरी आणि इकडे काळ्या ओठांची मी. सुरुवातीला लोक दारातूनच परत फिरायचे. एका म्हाताऱ्या बाबांनी तर काळजीने विचारलं होतं, "बाई, जांभळं खाल्ली का?" तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. पुढे लोकांच्या लक्षात आलं की ओठ कसेही असले तरी हिच्या हातून अर्ज पहिल्याच झटक्यात जातो. मग त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं. गावाचं हे मला आवडतं. नावं ठेवायची ती ठेवून होतात आणि काम सुरू राहतं.

तर माझा हा सगळा काळेपणा तेव्हा कुरिअरने यायचा. जाळीचे हातमोजे आले, ते तुरीच्या काड्यांत एका दिवसात फाटले. चामड्यासारखं दिसणारं जाकीट आलं, ते एकाच मे महिन्यात सोलून निघालं. मी जिथे बसेन तिथे काळे पापुद्रे पडायचे. प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या दोन-तीन पन्न्यांत गुंडाळलेली, आणि त्या पन्न्या मी घरामागे जाळायचे. त्या धुरात उभी राहून मी मोठ्या ऐटीत स्वतःचे फोटोही काढलेत. आता ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

पाणी डोक्यावरून गेलं ते रंगाच्या पुडीमुळे. माझे विटलेले कपडे मी बाजारातल्या काळ्या पुडीने बादलीत पुन्हा रंगवायचे आणि उरलेलं पाणी न्हाणीत ओतून द्यायचे. आमच्या न्हाणीचं पाणी परसात आईच्या वांग्यांना जातं. एका खेपेला मी लागोपाठ चार बादल्या ओतल्या. तीन दिवसांनी वांग्यांनी माना टाकल्या. आईने त्यातलं एक झाड मुळासकट उपटलं, मातीसह आत आणलं आणि माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवलं.

"हे तुह्या काळ्यानं मेलं," ती म्हणाली. "तू काळं घाल, निळं घाल, मले काई नाई. पन ज्या पान्यानं माहं वांगं मरते, ते पानी या घरात नाई सांडायचं. अन् त्या चुरचुऱ्या पन्न्या बी उद्यापासून बंद."

मी तोंडाला येईल ते बोलले. दोन दिवस अबोला धरला. माझा राग असाच आहे, भुर्रकन चढतो आणि उतरताना मात्र पायरी पायरीने उतरतो. पण उतरला तेव्हा मला खरोखर लाज वाटली. आम्ही म्हणे माती, मोडलेली पानं, कुजणं, संपणं या सगळ्यात सौंदर्य बघणारी माणसं, आणि मी त्याच मातीत विष ओतत होते. मी त्या दोघींना फोन केला आणि ठणकावून सांगितलं की आजपासून पार्सल बंद, पुडी बंद, आता आपला काळा रंग आपल्या आसपास जे आहे त्यातूनच काढायचा. कारंज्याची म्हणाली, "अन् नाई निघाला त?" मी म्हटलं, नाही निघाला तर पांढरं घालून फिरू. यावर ती घाबरून लगेच तयार झाली.

ते दिवस आठवले की अजून हात शिवशिवतात. एरंडेल तेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट पालथं घालून मी काजळी धरली, ती तुपात खलली, आणि दुकानातल्या कुठल्याही पेन्सिलीने आली नव्हती अशी रेघ डोळ्यांत आली. पंक्चरवाल्याकडून सायकलची फाटकी ट्यूब आणून, पातळ कापून, भोकं पाडून मी गळपट्टा केला. रिसोडचीने सायकलच्या तुटक्या साखळीचं कंकण केलं. मग मला चेव आला आणि मी काळ्या मण्यांची गळ्यालगत पोत ओवली. ती घालून मी दळण आणायला गेले आणि संध्याकाळपर्यंत तीन बायका आईला विचारून गेल्या की पोरीचं कधी उरकलं, आम्हाला बोलावलं का नाही. बिनलग्नाच्या मुलीच्या गळ्यात काळे मणी म्हणजे काय, हे मी पार विसरले होते. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ती पोत मी टाकून दिली नाही, फक्त गळ्यातून काढून हाताला बांधली.

अडलं ते कपड्यापाशी. कापड काळं कशाने करायचं? वांग्याच्या प्रकरणानंतर आईचं मन माझ्याबाबतीत जरा मऊ झालं होतं. प्रयोगाला जुनं सुती कापड काढून देते म्हणाली आणि तिने पेटी उघडली. वरचे दोन-चार फडके मला दिले. खाली चहाच्या रंगाचं एक लुगडं होतं, ते मी ओढलं तर तिने माझा हात धरला.

"ते नाई. ते माह्या पहिल्या संक्रातीचं हाय."

आमच्याकडे नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला माहेरून काळी साडी येते. वर्षभर काळ्याला नाक मुरडणारी माणसं त्या एका सणाला काळंच नेसतात. आईचे आईवडील तिच्या लग्नाआधीच गेलेले. तिची चंद्रकळा तिच्या मोठ्या बहिणीने घेतली होती, म्हणजे माझ्या मावशीने. मावशी तेव्हा दर हिवाळ्यात ऊसतोडीला जायची. त्या वर्षी तोडीवरून सणापुरती दोन दिवस गावी आली, चंद्रकळा आईच्या हातात ठेवली, आणि आईने ती नेसायच्या आतच टोळीचा ट्रक आला म्हणून निघून गेली. पुढच्या संक्रांतींनाही ती तोडीवरच असायची. मग आम्ही मुलं झालो, चंद्रकळेचा रंग उडत गेला, काळ्याची तपकिरी झाली आणि ती पेटीच्या तळाशी गेली. मावशीने आपण घेतलेली साडी बहिणीच्या अंगावर एकदाही पाहिली नव्हती.

आता मावशी आसेगावला मुलाकडे असते आणि तिला काचबिंदू झाला आहे. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. उरलेलीही हळूहळू जाते आहे. तिला आता रंग कळत नाहीत, चेहरे कळत नाहीत. उजेडात काही गडद आलं तर तेवढं दिसतं.

"एकदा नेसून तिच्यापुढं जाव म्हनते मी," आई लुगड्याची घडी पुन्हा घालत म्हणाली. "पन असं मातकट नेसलं त तिले काय दिसन? काळं असतं त दिसलं असतं."

मी म्हटलं, मी करून देते काळं. येत्या संक्रांतीला. मला तोवर एक रुमालसुद्धा काळा करता येत नव्हता. पण मी बोलून बसले, आणि आईने माझ्याकडे असं पाहिलं की शब्द मागे घ्यायची सोयच राहिली नाही.

वाट दाखवली ती माझ्या सोललेल्या बुटांनी. बसस्टँडसमोर चपला शिवणारे एक म्हातारे काका बसतात. बुटांवर काळं मारून देतील म्हणून मी ते त्यांच्यापुढे ठेवले. काकांनी बूट उलटासुलटा केला, नखाने एक पापुद्रा काढला आणि म्हणाले, "हे चामडं नाई, बाई. ही पन्नी हाय. पन्नीवर माहं काळं नाई बसत."

"तुमचं काळं म्हणजे?"

त्यांनी खोक्याआडून एक लहानसं मडकं पुढे केलं. आत गंजलेले खिळे, बैलाच्या नालाचे तुकडे आणि वर काळपट फेस. वास असा की मी दोन पावलं मागे सरले. काका खुशीत आले. गूळ, पाणी आणि गंजलेलं लोखंड, म्हणाले, उन्हात ठेवायचं, वीसेक दिवसांत पाणी पिकतं. चामड्याला आधी बाभळीच्या सालीचं पाणी पाजायचं आणि मग वरून हे फासायचं. त्यांच्या बापाने हेच केलं, आजाने हेच केलं. पुढे बाटलीतलं पॉलिश आलं आणि लोकांनी विचारणं सोडलं, तरी ते अजून मडकं धरतात, सवय म्हणून.

मी विचारलं, कापडावर चालेल का?

"चालते. कापडाले बाभूळ नोको, हिरडा घे. हिरड्याच्या पान्यात भिजव, वाळव, मंग ह्याच्यात बुडव. पन एक ध्यानात ठेव." ते पहिल्यांदाच हसू सोडून बोलले. "चामड्याले आमी तीनदा देतो. कापडाले एकदाच द्यायचं. लोखंड कापड खाते. जास्त पाजलं त काळं मस्त दिसते, पन आतून जळते अन् मंग कदी फाटन त्याचा नेम नाई."

मी काकांकडून मूठभर गंजलेले खिळे घेऊन अक्षरशः पळत घरी आले. मडकं न्हाणीमागे उन्हात मांडलं. रोज सकाळी केंद्रावर जायच्या आधी झाकण काढून बघायचं, काठीने ढवळायचं, गुळाचा खडा टाकायचा, वास घ्यायचा, आणि वास कालच्यापेक्षा वाईट आला की खूश व्हायचं. बाबा एकदाच तिथे आले, नाक दाबून म्हणाले, "काय मेलं?" आणि शेताकडे निघून गेले. मी त्या दोघींना रोज फेसाचे फोटो पाठवायचे. कारंज्यात आणि रिसोडमध्येही मडकी लागली. आमच्या गप्पांत आता गाणी कमी आणि गूळ जास्त असायचा.

बाराव्या दिवशी मला राहवेना म्हणून हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली एक चिंधी मी त्यात बुडवली. पिवळट चिंधी पाण्याला लागल्याबरोबर करडी झाली, बाहेर काढून हवेत धरली तशी माझ्या डोळ्यांदेखत गडद होत गेली. मी ती चिंधी घेऊन घरभर नाचले. आईच्या नाकाशी नेली, बाबांच्या ताटाशी नेली. रंग पुरता काळा नव्हता, पण पाणी अजून पिकायचं होतं. ज्या पाण्याने वांगं मरणार नाही असं पाणी, आणि त्यातून काळा रंग. उरलेला थेंब मी मुद्दाम आईच्या देखत लिंबाच्या झाडाला घातला. पुढचा आठवडाभर ती त्या झाडाची पानं तपासत होती. झाडाला काही झालं नाही.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. संक्रांतीला दहा दिवस उरले होते, मडकं आपलं काम करत होतं. पण मला घाई. माझी नखं उघडी होती, कारण दुकानातलं नखांचं काळं मी सोडून दिलं होतं. आणि आमच्या दारावर, लिंबू-मिरचीसोबत, बिब्बा टांगलेला होता. बिब्ब्याच्या तेलाने पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायचे, आणि ती खूण कापड जाईल पण जात नसे, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. जंगलातला, पन्नीविना मिळणारा, कधीही न जाणारा काळा. मला वाटलं, हे आजवर कुणालाच कसं सुचलं नाही? मी बिब्बा तापवला, काडीने तेल काढलं आणि दहाही नखांना फासलं. नखं सुरेख दिसली. मी तिघींच्या गटावर फोटोही टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटं सुजली, संध्याकाळी फोड आले. एक डोळाही सुजून बंद झाला, कारण मी मधे कधीतरी तो चोळला होता. बिब्बा उततो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. फक्त ते मला त्या वेळी आठवलं नाही, कारण मला जे आठवायचं नसतं ते आठवत नाही. डॉक्टरांनी सुई टोचली, गोळ्या दिल्या आणि विचारलं, "कोणी लावलं?" मी म्हटलं, मीच. ते बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत राहिले. आईने तीळ वाटून खोबरेलात कालवले आणि माझ्या बोटांना थापले. संक्रांतीच्या लाडवांसाठी आणलेले तीळ माझ्या हातांवर गेले. मग मी रडले. बोटांसाठी नाही. मडकं पिकलं होतं, चंद्रकळा पेटीत होती, आणि माझ्या हातांना पाणीही सोसत नव्हतं.

"तुह्यानं नाई होत त मी करतो," आई म्हणाली. आमच्याकडे बायाही अशा 'मी करतो' म्हणतात. "तू नुसती बसून सांग."

तिने लुगडं हिरड्यात भिजवलं, दोरीवर वाळवलं, मोठ्या घमेल्यात मडक्यातलं पाणी गाळून घेतलं. मी खाटेवर, दोन्ही हात कापडात गुंडाळलेले, एका डोळ्याने बघत होते. तिने लुगडं एका टोकाकडून आत सरकवायला सुरुवात केली, आणि ते जसजसं आत जात होतं तसतसा तिच्या हातांखाली चहाचा रंग बुडत होता. मी ओरडून सांगत होते, हलव, उलट, घडी पडू देऊ नको. तिने कोपरापर्यंत हात काळे केले. काढून पिळून दोरीवर टाकलं आणि आम्ही दोघींनी समोर बसून ते हवेत गडद होताना पाहिलं.

वाळल्यावर ते करडं झालं. गडद करडं, छान, पावसाळी. काठाचा लाल रंगही त्यात दबून गेला होता. मला तर ते फार आवडलं असतं. आईने ते उन्हात धरलं, पांढऱ्या भिंतीपुढे धरलं, डोळे बारीक करून लांबून पाहिलं.

"हे दिसन का तिले?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "अंधुक दिसेल. नाही तर नाहीच." आणि मग काकांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. आणखी दोनदा बुडवलं तर हे रात्रीसारखं काळं होईल. पण तीस-एक वर्षांचं विरलेलं सूत आहे, लोखंड ते खाईल. कधी फाटेल सांगता येत नाही. कदाचित वर्षभर टिकेल, कदाचित नेसतानाच जाईल. मला मनातून ते काळं हवं होतं. गॉथ आहे मी, करड्यावर माझं समाधान होत नाही. पण ते लुगडं माझं नव्हतं, म्हणून मी जीभ दाताखाली धरली.

आई लुगड्यावरून हात फिरवत राहिली. "पेटीत ठेवलं त बी एक दिवस कसर खाईन याले," ती म्हणाली. "काळं कर."

"तूच करणार आहेस."

"मंग करतो."

तिने दोनदा आणखी बुडवलं. तिसऱ्यांदा ते दोरीवर चढलं तेव्हा त्यात कुठेही दुसरा रंग नव्हता. ऊन त्यावर पडत होतं आणि नाहीसं होत होतं. हजारो रुपयांच्या पार्सलांतून मला जो काळा कधी मिळाला नव्हता तो आमच्या न्हाणीमागे गूळ आणि गंजलेल्या खिळ्यांतून निघाला होता, आणि तो आईने काढला होता. मी फोडांनी भरलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या आणि ठणक्याने कळवळले.

संक्रांतीच्या सकाळी तिने चंद्रकळा नेसली. मीही नखशिखांत काळी, त्यामुळे गावात त्या दिवशी पहिल्यांदाच मी इतरांसारखी दिसत होते. शेजारीण म्हणाली, "आज त तू आमच्यातली झाली वो." मी म्हटलं, नाही, तुम्ही माझ्यातल्या झालात. वाशीमला गाडी बदलून आसेगाव. त्या प्रवासात मला एका मिनिटाची उसंत नव्हती. आईला म्हणायचे, पाय पसरू नको, पदर ओढू नको, खिडकीच्या पत्र्याला टेकू नको. खड्डा आला की मी तिच्या गुडघ्यांकडे बघायचे. आई एकदाच वैतागली, "लगनात बी मले कोनी इतकं जपलं नोतं."

मावशी अंगणात उन्हात खाटेवर बसली होती. तिच्या समोर घराची चुन्याने पोतारलेली पांढरी भिंत. मी आईला हाताने थांबवलं आणि भिंतीपुढे उभं केलं, बरोबर उन्हात. दोघी काही बोललो नाही. मावशीने मान हलवली, वासरू वारा हुंगतं तशी. मग तिची मान थांबली.

"कोन काळं नेसून उभं हाय?"

आईने पदर सावरला.

"उंचीवरून त माही बहीन दिसते," मावशी हळूहळू म्हणाली. "ते म्या घेतलेलं हाय का?"

"हो," आई म्हणाली.

"जरा वळ."

आई वळली. भिंतीपुढे सावकाश, पदर धरून, पूर्ण एक फेरा. माझी आई, जी मला म्हणते दिवसा कायले घालतं, ती उन्हात काळ्या लुगड्यात फिरत होती आणि मावशी तिला बघत होती. मग आई तिच्याकडे गेली, मावशीने पदराचा काठ बोटांनी चाचपला, विणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काठ तोच." आई तिच्या पायांशी वाकली. आणि गुडघ्यावर लुगडं फाटलं. आवाज तिघींनी ऐकला.

आई तशीच वाकलेली राहिली, हात मावशीच्या पायांवर. मी आधीच रडायला लागले होते.

"फाटलं का?" मावशीने विचारलं.

"फाटलं."

"फाटू दे," मावशी म्हणाली. "म्या पाह्यलं आता."

आईने आत जाऊन मावशीचं फुलाफुलांचं पातळ नेसलं. चंद्रकळा तिने सोडली तशी ती आणखी दोन ठिकाणी फाटली. मी ती घडी करून पिशवीत ठेवायला लागले तर मावशी म्हणाली, "थांब. इकडं आन." तिने ते कापड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, भिंतीकडे धरलं. मग म्हणाली, तिला सकाळी घराचं दार सापडत नाही. भिंत पांढरी, दारही मुलाने पांढरं रंगवलेलं, सगळं एकच दिसतं, म्हणून ती भिंत चाचपत जाते आणि दोनदा उंबऱ्याला अडखळून पडली. "याची पट्टी दाराले लाव, पोरी. हे काळं मले दिसते."

मी त्या बोटांनी, फोड सुकत आलेले असताना, चंद्रकळेच्या पट्ट्या फाडल्या. फाडताना जोर लावावाच लागला नाही, लोखंडाने अर्धं काम करून ठेवलं होतं. एक पट्टी चौकटीच्या डाव्या अंगाला, एक उजव्या अंगाला, एक उंबऱ्याच्या कडेला खिळ्यांनी ठोकली, एक पाण्याच्या माठाच्या गळ्याला बांधली, एक न्हाणीच्या दाराला. येणारी-जाणारी बाई थबकायची. सणाच्या दिवशी दाराला काळ्या चिंध्या. मावशीच्या सुनेचा चेहरा पडला होता. मी तिला बाजूला घेऊन समजावणार होते, तेवढ्यात आईनेच सांगितलं, "ते तुह्या सासूचे डोळे हाय, राहू दे." मग सुनेनेच हातोडी आणून उंबऱ्याची पट्टी नीट घट्ट केली.

उरलेलं कापड मी गळ्याभोवती गुंडाळलं. फाटक्या, दशा निघालेल्या काळ्या ओढण्या मी पूर्वी पार्सलने मागवत असे.

परतीच्या गाडीची वेळ झाली. मावशीने तिळाचे लाडू दिले, आईच्या तोंडावरून हात फिरवला. आम्ही अंगणातून निघालो आणि रस्त्यावर पोचल्यावर मी मागे वळून बघितलं. मावशी खाटेवरून उठली होती. तिने दाराकडे तोंड केलं, जरा थांबली, आणि हात भिंतीला न लावता सरळ चालत गेली, दोन काळ्या पट्ट्यांच्या मधून, उंबऱ्यावर पाय उचलून, आत.

आईनेही ते पाहिलं. गाडीत बसल्यावर फुलाफुलांचा पदर सावरत तिने विचारलं, "मडक्यात सकाळी गूळ टाकला का?"

मी म्हटलं, नाही, घाईत राहिला.

"उतरल्याबरोबर टाक," ती म्हणाली. "तिच्या पायऱ्यांले बी पट्ट्या लागतीन."